सी ड्राइव्हच्या मागचा माणूस : गॅरी किल्डॉल

अभ्यासिकेत कोणी नवा लॅपटॉप आणला की वाद ठरलेला. एक म्हणतो, विंडोजच घ्यायला हवे, टायपिंगचा सराव त्यावरच होतो. दुसऱ्याला अ‍ॅपलचा मॅक आवडतो, पण खिसा परवानगी देत नाही. तिसरा लिनक्सवाला. त्याचे म्हणणे, जे फुकट आणि मोकळे आहे ते सोडून पैसे कशाला मोजायचे? हा वाद आम्हीही पुष्कळ घातला आहे आणि त्यातून चहाच्या बिलाखेरीज फारसे काही निष्पन्न झालेले नाही.

या वादात एक साधा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. विंडोजच्या लॅपटॉपमध्ये मुख्य ड्राइव्हला 'सी' का म्हणतात? 'ए' आणि 'बी' कुठे गेले? ज्यांनी नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लास केला त्यांना उत्तर माहीत आहे. ए आणि बी ही दोन अक्षरे फ्लॉपीसाठी होती. फ्लॉपी गेली, तिची जागा रिकामी राहिली आणि सी तिथेच थांबला.

आणखी एक गोष्ट. 'कॉन' नावाचा फोल्डर जगात कोणालाच तयार करता येत नाही आणि त्याचे कारण खुद्द मायक्रोसॉफ्टलाही ठाऊक नाही, असा मेसेज अनेकांनी वाचला असेल. विंडोजवर तो फोल्डर साध्या पद्धतीने होत नाही हे खरे, पण त्यात गूढ काहीच नाही. कॉन म्हणजे कन्सोल, म्हणजे कीबोर्ड आणि पडदा. संगणकाने हे नाव स्वतःच्या कामासाठी पन्नास वर्षांपूर्वी राखून ठेवले, ते आजही राखीव आहे.

सी ड्राइव्ह आणि कॉन, या दोन्ही खुणांचा माग काढत गेलो की आपण एकाच माणसापर्यंत पोहोचतो. गॅरी किल्डॉल. संगणकाच्या इतिहासात त्यांचे नाव आहे, पण बहुतेक वेळा एका चुकीच्या गोष्टीसाठी. ती गोष्ट काय आणि खरे काय, हे आपल्या तरुण वाचकांसमोर मांडावे असे आम्हाला वाटले.

बंदराच्या गावातला शिक्षक

किल्डॉल यांचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सिएटल शहरात झाला. सिएटल हे बंदर. आजोबांच्या काळापासून घरची एक शाळा होती, जिथे जहाज चालवण्याचे आणि समुद्रावर दिशा काढण्याचे शिक्षण दिले जाई. गॅरी स्वतःही काही काळ तिथे शिकवत. पुढे गणिताचा शिक्षक व्हायचे, असा त्यांचा बेत होता. त्यासाठी त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात प्रवेश घेतला आणि तिथे संगणकाशी गाठ पडली. १९६३ साली शाळेपासूनची मैत्रीण डोरोथी मॅकएवेन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. हे नाव लक्षात ठेवा, पुढच्या कहाणीत ते महत्त्वाचे आहे.

तो व्हिएतनाम युद्धाचा काळ होता. लष्करी सेवा टळणारी नव्हती. किल्डॉल यांच्या वाट्याला नौदल आले आणि नौदलाने त्यांना कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे इथल्या आपल्या पदव्युत्तर संस्थेत शिकवायला पाठवले. १९७२ साली त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठातून संगणकशास्त्रात पीएचडी पूर्ण केली. म्हणजे आज ज्याला आपण कंपनीचा संस्थापक म्हणून ओळखतो, तो मुळात वर्गात फळ्यासमोर उभा राहणारा मास्तर होता. स्वतःला समजलेले दुसऱ्याला समजावून द्यावे, ही त्यांची वृत्ती शेवटपर्यंत टिकली.

मागच्या अंगणातली शेड

त्या काळी संगणक म्हणजे खोलीभर यंत्र. ते विद्यापीठाचे, बँकेचे किंवा सरकारचे असायचे. एका माणसाच्या टेबलावर स्वतःचा संगणक असेल ही कल्पनाच नव्हती. १९७१ साली इंटेल या कंपनीने ४००४ नावाची चिप बाजारात आणली. कॅल्क्युलेटर, वजनकाटे, वाहतुकीचे दिवे अशा यंत्रांसाठी ती वापरली जाईल, इतकीच तेव्हा अपेक्षा होती. किल्डॉल यांनी तिची जाहिरात पाहिली, ती मागवली आणि तिच्यावर प्रयोग सुरू केले. शिकवण्यातून सुट्टी मिळेल त्या दिवशी ते इंटेलमध्ये सल्लागार म्हणून काम करू लागले. १९७३ मध्ये त्यांनी या छोट्या चिपांसाठी पीएल/एम नावाची प्रोग्रामिंगची भाषा तयार केली. मायक्रोप्रोसेसरसाठी बनलेली ती पहिली उच्चस्तरीय भाषा मानली जाते.

पण अडचण वेगळीच होती. लिहिलेला प्रोग्राम साठवायचा कुठे? कागदी पट्टीवर भोके पाडून माहिती साठवण्याचा तो जमाना. काम अतिशय संथ आणि कंटाळवाणे. नुकतीच निघालेली फ्लॉपी डिस्क स्वस्त होती, पण तिला या छोट्या चिपशी जोडून देणारे काही नव्हते. किल्डॉल यांनी एक जुना फ्लॉपी ड्राइव्ह मिळवला. त्यांचे मित्र जॉन टोरोड यांनी तो जोडण्याचे सर्किट बनवले. किल्डॉल यांनी त्या दोहोंना चालवणारे सॉफ्टवेअर लिहिले. १९७४ साली पॅसिफिक ग्रोव्ह गावात, घराच्या मागच्या अंगणातल्या अवजारांच्या शेडमध्ये, ते पहिल्यांदा चालले.

या सॉफ्टवेअरचे नाव सीपीएम. आपल्याकडे हे नाव ऐकले की मार्क्सवादी पक्ष आठवतो, त्याचा इथे काही संबंध नाही. छोट्या संगणकाचे नियंत्रण करणारा प्रोग्राम, एवढाच त्याचा अर्थ. फाइल कुठे ठेवायची, कशी शोधायची, नाव कसे बदलायचे, छपाईला कशी पाठवायची, ही सगळी व्यवस्था तो बघायचा. आज आपण ज्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतो ती हीच. मोठ्या संगणकांवर अशा सिस्टीम आधीपासून होत्या आणि किल्डॉल यांनी त्यांतल्या आज्ञांच्या काही पद्धती आणि ड्राइव्हला अक्षर देण्याची रीत घेतली. मात्र टेबलावर मावणाऱ्या संगणकावर हे सगळे आणून बसवणारे ते होते.

इंटेलने पीएल/एम घेतली, पण सीपीएम बाजारात आणण्यात रस दाखवला नाही. मग किल्डॉल पतिपत्नींनी स्वतःच कंपनी काढली. तिचे नाव इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च असे भले मोठे होते, पुढे ते डिजिटल रिसर्च एवढेच राहिले. गॅरी प्रोग्राम लिहायचे. ग्राहकांशी पत्रव्यवहार, करार, हिशेब आणि कंपनीचा रोजचा कारभार डोरोथी पाहायच्या. सुरुवातीला सीपीएमची किंमत सुमारे सत्तर डॉलर होती. मोठ्या संगणकांच्या सॉफ्टवेअरसाठी हजारो डॉलर मोजण्याच्या त्या काळात ही किंमत म्हणजे हौशी माणसालाही परवडणारी.

ब्रँड अनेक, सिस्टीम एक

आता आपल्या अभ्यासिकेतल्या वादाकडे परत येऊ. १९७७ साली अमेरिकेत अ‍ॅपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० हे तीन संगणक बाजारात आले. तिघांची व्यवस्था वेगळी. एकाचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालत नसे. याशिवाय अनेक छोट्या कंपन्या आपापले संगणक बनवत होत्या. एखाद्याने हिशेबाचा चांगला प्रोग्राम लिहिला तरी तो प्रत्येक ब्रँडसाठी नव्याने लिहावा लागे. संगणक घेताना माणूस एका कंपनीशी बांधला जात होता.

किल्डॉल यांनी यावर जो तोडगा काढला, तो त्यांचे सर्वात मोठे काम आहे असे आम्ही मानतो. त्यांनी सीपीएमचे दोन भाग वेगळे केले. फायलींचा सांभाळ वगैरे जो भाग सगळीकडे सारखाच असतो तो एका बाजूला. ज्या भागाला विशिष्ट कीबोर्ड, विशिष्ट पडदा, विशिष्ट ड्राइव्ह यांच्याशी बोलावे लागते तो दुसऱ्या बाजूला. या दुसऱ्या, छोट्या भागाला त्यांनी नाव दिले बायोस.

घरातल्या गॅसचे उदाहरण घ्या. शेगडी कोणत्याही कंपनीची असो, सिलिंडर तोच असतो, कारण मध्ये रेग्युलेटर आहे. बायोस म्हणजे तो रेग्युलेटर. नवा संगणक बनवणाऱ्या कंपनीने फक्त आपल्या यंत्रापुरता बायोस लिहायचा, बाकीचे सीपीएम जसेच्या तसे बसवायचे. एवढे झाले की सीपीएमसाठी लिहिलेले प्रोग्राम त्या संगणकावर चालणार.

परिणाम मोठा झाला. आयएमएसएआय, ऑस्बोर्न, केप्रो अशा अनेक ब्रँडचे संगणक एकाच सिस्टीमवर चालू लागले. १९८१ साली निघालेला ऑस्बोर्न वन हा हातात उचलून नेता येणारा संगणक अकरा किलोंचा होता आणि त्याच्यासोबत सीपीएम मिळायचे. त्याचे निर्माते अ‍ॅडम ऑस्बोर्न लहानपणी तमिळनाडूत वाढले होते आणि २००३ साली कोडाईकनाल इथेच त्यांचे निधन झाले. अ‍ॅपल टूची चिप वेगळी, त्यामुळे त्यावर सीपीएम चालत नसे. तेव्हा १९८० साली एका कंपनीने अ‍ॅपलमध्ये बसवायचे एक कार्ड विकायला काढले, ज्यावर दुसरी चिप होती आणि सोबत सीपीएम. ही कंपनी होती मायक्रोसॉफ्ट. तिच्या त्या काळच्या चांगल्या चाललेल्या मालांपैकी एक माल किल्डॉल यांच्या सिस्टीमवर उभा होता.

महाराष्ट्रात १९९० च्या सुमारास ज्यांनी कॉम्प्युटर क्लास केला, त्यांच्या प्रमाणपत्रावर वर्डस्टार आणि डीबेस ही नावे हमखास असत. हे दोन्ही प्रोग्राम मुळात सीपीएमसाठीच तयार झाले होते. सीपीएमचे नावही न ऐकलेल्या हजारो मुलामुलींनी अशा प्रकारे त्याच घराण्यातली विद्या शिकली.

१९८१ च्या सुमारास सीपीएम सुमारे तीन हजार वेगवेगळ्या संगणकांवर चालत होते आणि डिजिटल रिसर्चची वार्षिक उलाढाल चोपन्न लाख डॉलरवर गेली होती.

ती सकाळ आणि ती अफवा

१९८० साली आयबीएम या बलाढ्य कंपनीने स्वतःचा पर्सनल कॉम्प्युटर काढायचे ठरवले. तिला ऑपरेटिंग सिस्टीम हवी होती. आयबीएमची माणसे आधी मायक्रोसॉफ्टकडे गेली. मायक्रोसॉफ्टकडे तेव्हा अशी सिस्टीम नव्हती. बिल गेट्स यांनी त्यांना किल्डॉल यांच्याकडे पाठवले.

इथून पुढे जी गोष्ट सांगितली जाते ती अशी. आयबीएमचे लोक दारात आले आणि किल्डॉल त्यांना वाऱ्यावर सोडून विमान उडवायला निघून गेले. मौजमजेच्या नादात त्यांनी जगातला सर्वात मोठा करार घालवला. ही गोष्ट पुस्तकांत आली, भाषणांत आली, व्यवस्थापनाच्या वर्गांत आळशी माणसाचे उदाहरण म्हणून सांगितली गेली.

आता खरे काय ते पाहू. किल्डॉल यांच्याकडे स्वतःचे छोटे विमान होते आणि त्या दिवशी ते विमानाने गेले होते हेही खरे. पण ते कामासाठी, आपल्या एका ग्राहकाकडे सॉफ्टवेअरचे साहित्य पोहोचवायला गेले होते. सोबत त्यांचे सहकारी टॉम रोलँडर होते. करारांची बोलणी डोरोथीच करत असत, त्या दिवशीही त्याच बसल्या होत्या. आयबीएमच्या लोकांनी बोलणी सुरू होण्याआधीच गुप्ततेचा एकतर्फी करारनामा पुढे केला. आयबीएम जे सांगेल ते डिजिटल रिसर्चने गुप्त ठेवायचे, डिजिटल रिसर्च जे सांगेल त्याबद्दल आयबीएमवर तसे बंधन नाही, असा त्याचा सूर होता. डोरोथी यांनी वकिलाला विचारले आणि सही केली नाही. कोणत्याही जबाबदार व्यक्तीने हेच केले असते. किल्डॉल दुपारपर्यंत परतले. त्यानंतर काय बोलणे झाले याबाबत दोन्ही बाजूंची सांगणी वेगळी आहेत. किल्डॉल यांच्या बाजूचे म्हणणे असे, की आयबीएमला एकरकमी पैसे देऊन मोकळे व्हायचे होते आणि प्रत्येक प्रतीमागे रॉयल्टी द्यायची नव्हती.

अफवेने या सगळ्याचे दोन ओळींत काय केले पहा. बायोसची कल्पना मांडणारा, पीएल/एम लिहिणारा, वर्षानुवर्षे शिकवणारा माणूस 'विमान उडवत बसलेला' ठरला. आणि कंपनी सांभाळणारी, करारातली मेख ओळखणारी बाई एक तर गोष्टीतून गायब झाली किंवा 'सही न करणारी बायको' एवढीच उरली. जिंकलेल्यांची गोष्ट अशीच लिहिली जाते. हरलेल्याच्या कामापेक्षा त्याची एक कथित चूक लक्षात ठेवणे सोपे असते.

चाळीस विरुद्ध दोनशे चाळीस

डिजिटल रिसर्चशी जमले नाही तेव्हा आयबीएम परत मायक्रोसॉफ्टकडे गेली. सिएटलमधील एका छोट्या कंपनीत टिम पॅटरसन या अभियंत्याने इंटेलच्या नव्या चिपसाठी एक सिस्टीम लिहिली होती. सीपीएमसाठीचे प्रोग्राम सहज बदलून घेता यावेत म्हणून तिची बाहेरची रचना सीपीएमच्या धर्तीवर ठेवली होती. मायक्रोसॉफ्टने ती सिस्टीम एक लाख डॉलरपेक्षाही कमी रकमेत मिळवली, तिच्यावर काम केले आणि आयबीएमला दिली. हीच पुढे डॉस म्हणून जगभर गेली.

मग ही चोरी होती का? इथे आम्हाला नीट बोलले पाहिजे. किल्डॉल यांना शेवटपर्यंत वाटत राहिले की त्यांच्या कामाची नक्कल झाली. पॅटरसन यांनी कायम सांगितले की त्यांनी सीपीएमची माहितीपुस्तिका पाहून स्वतःचा कोड लिहिला. पुढे तज्ज्ञांनी केलेल्या तुलनेत मूळ कोड उचलल्याचा पुरावा सापडलेला नाही. सॉफ्टवेअरच्या मालकीचा कायदा तेव्हा अमेरिकेतही कच्चा होता आणि बाहेरून दिसणाऱ्या रचनेचे संरक्षण तो कितपत करेल याची खात्री वकिलांनाही नव्हती. त्यामुळे चोरी हा शब्द आम्ही वापरणार नाही. पण डॉसचे घर कोणाच्या नकाशावर बांधले गेले हे सांगताना किल्डॉल यांचे नाव न घेणे, हा अन्याय आहे.

किल्डॉल यांनी आयबीएमकडे तक्रार केली. तडजोड अशी झाली की ग्राहकाला दोन्ही सिस्टीम उपलब्ध राहतील. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला. आयबीएमच्या किंमतपत्रकावर डॉस चाळीस डॉलरला होते. सीपीएमची नवी आवृत्ती उशिरा, १९८२ मध्ये आली, तीही दोनशे चाळीस डॉलरला. दुकानात उभ्या असलेल्या माणसाने काय घेतले असेल हे वेगळे सांगायला नको. दोन सिस्टीमची गुणवत्ता शेजारी ठेवून तुलना करण्याची वेळच आली नाही. निकाल किमतीच्या चिठ्ठीने लावला.

मायक्रोसॉफ्टची खरी हुशारी करारात होती. डॉस इतर कंपन्यांनाही विकण्याचा हक्क तिने स्वतःकडे ठेवला. पुढच्या दोनेक वर्षांत कॉम्पॅक आणि इतर कंपन्यांनी आयबीएमच्या पीसीसारखे संगणक बनवायला सुरुवात केली आणि प्रत्येकासोबत डॉस जाऊ लागले. ब्रँड अनेक आणि सिस्टीम एक, ही किल्डॉल यांनी उभी केलेली पद्धत. तिचे पीक दुसऱ्याने कापले.

यात किल्डॉल यांची काहीच चूक नव्हती असेही आम्ही म्हणणार नाही. त्यांची कंपनी नवी आवृत्ती वेळेत देऊ शकली नाही. त्यांना नवे काही शोधण्यात जो आनंद मिळे तो धंदा वाढवण्यात मिळत नसे. समोरचा प्रतिस्पर्धी कसा विचार करतो हे त्यांनी उशिरा ओळखले. हे दोष मान्य करूनही 'विमानाची गोष्ट' खोटीच ठरते.

हरल्यानंतरची वर्षे

अफवेतला माणूस इथे संपतो, खरा माणूस संपत नाही. डिजिटल रिसर्चने एकाच वेळी अनेक कामे चालू ठेवता येणारी सिस्टीम पीसीवर आणली, जेव्हा डॉसमध्ये एका वेळी एकच काम होत असे. १९८५ मध्ये कंपनीने जेम नावाची चित्रे आणि माउस वापरून चालणारी व्यवस्था काढली. ती आपल्या मॅकसारखी दिसते म्हणून अ‍ॅपलने कोर्टाची धमकी दिली आणि पीसीवरच्या जेमचे रूप बदलावे लागले. अटारी एसटी या संगणकावर मात्र ती मूळ रूपात चालत राहिली. त्याच वर्षी किल्डॉल यांच्या दुसऱ्या कंपनीच्या मदतीने ग्रोलियरचा विश्वकोश सीडीवर निघाला. अख्खा विश्वकोश एका चकतीवर, हे तेव्हा कोणी पाहिले नव्हते.

१९८३ ते १९९० या काळात ते 'कॉम्प्युटर क्रॉनिकल्स' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात स्टुअर्ट शिफे यांच्यासोबत बसत. दर आठवड्याला नवे संगणक, नवे सॉफ्टवेअर समोर यायचे. त्यांत त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचाही माल असे. किल्डॉल शांतपणे प्रश्न विचारत, चांगले असेल त्याला चांगले म्हणत. ज्याच्या हातून सर्वात मोठी बाजी गेली होती, तो माणूस इतरांच्या यंत्रांची तुलना कडवटपणाशिवाय करत होता. आजच्या ब्रँडभक्तांनी हे भाग जरूर पाहावेत.

१९८८ मध्ये डिजिटल रिसर्चने डीआर डॉस आणले. डॉसचे प्रोग्राम त्यावर चालत आणि काही सोयी त्यात मायक्रोसॉफ्टच्या आधी आल्या. मायक्रोसॉफ्टला पहिल्यांदाच घरच्या मैदानावर टक्कर मिळाली. विंडोजच्या ३.१ या आवृत्तीच्या चाचणी प्रतीत असा कोड होता, की खाली डीआर डॉस असेल तर पडद्यावर चुकीचा संदेश यावा. बाजारात आलेल्या प्रतीत तो बंद केलेला होता, पण संशय पसरायचा तो पसरला. या प्रकारांवरून पुढे खटला झाला आणि २००० साली मायक्रोसॉफ्टने पैसे देऊन तो मिटवला. तोवर डिजिटल रिसर्च उरली नव्हती. १९९१ मध्येच ती नॉव्हेल कंपनीला विकली गेली होती.

१९९२ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाला पंचवीस वर्षे झाली. सोहळ्याला किल्डॉल यांना माजी विद्यार्थी म्हणून बोलावले. प्रमुख भाषण मात्र बिल गेट्स यांचे होते, ज्यांनी या विद्यापीठात शिक्षण घेतलेले नव्हते, पण देणगी दिली होती. ज्या विभागाची पीएचडी आपण घेतली तिथे आपण श्रोत्यांत आणि ते व्यासपीठावर, हे किल्डॉल यांच्या जिव्हारी लागले. त्यानंतर त्यांनी आठवणी लिहून काढल्या आणि १९९३ मध्ये त्याच्या मोजक्या प्रती जवळच्यांना दिल्या. पुस्तक म्हणून ते त्यांच्या हयातीत निघाले नाही.

डोरोथी यांच्यापासून ते १९८३ मध्येच वेगळे झाले होते. दुसरे लग्नही टिकले नाही. पैशांची ददात नव्हती, पण दारूने त्यांना गाठले. हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्या वस्त्यांनी दारूने उद्ध्वस्त झालेली बुद्धिमान माणसे पाहिली आहेत. दारू बंगला किंवा झोपडी बघून येत नाही. जुलै १९९४ मध्ये मॉन्टेरेतील एका बारमध्ये ते पडले, डोक्याला मार लागला आणि तीन दिवसांनी, ११ जुलैला त्यांचे निधन झाले. वय अवघे बावन्न.

त्यानंतर चारच दिवसांनी, १५ जुलै १९९४ रोजी, अमेरिकी न्याय खाते आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यात एक समझोता झाला. संगणकावर डॉस बसवलेले असो वा नसो, विकलेल्या प्रत्येक संगणकामागे कंपनीकडून पैसे घेण्याची पद्धत मायक्रोसॉफ्टला सोडावी लागली. याच पद्धतीमुळे दुसरी सिस्टीम बसवणे कंपन्यांना दुप्पट महाग पडत होते. किल्डॉल यांना हे पाहायला मिळाले नाही.

२०१४ साली पॅसिफिक ग्रोव्हमधील त्यांच्या कंपनीच्या जुन्या घरासमोर अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेने सन्मानाची पाटी बसवली. २०१६ मध्ये कुटुंबाच्या परवानगीने त्यांच्या आठवणींचा पहिला भाग कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयाने सर्वांसाठी खुला केला. वीस वर्षांनी का होईना, त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लोकांसमोर आले.

आपण काय घ्यायचे

किल्डॉल यांची कहाणी आम्ही इथे दोन कारणांसाठी सांगितली.

पहिले कारण अफवेचे. ऐकीव गोष्ट पडताळल्याशिवाय मानायची नाही, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. तरीही 'कॉन'चा मेसेज आपण पुढे पाठवतो आणि विमानाची गोष्ट रंगवून सांगतो. एखाद्याच्या आयुष्यभराच्या कामावर एका खोट्या ओळीचा शिक्का कसा बसतो, हे आपल्या माणसांइतके कोणाला ठाऊक असणार? म्हणून दुसऱ्याच्या बाबतीतही आपण तो शिक्का मारताना थांबले पाहिजे. आणि किल्डॉल यांनी केले तेही करायला हवे. वेळ आहे तोवर लिहून ठेवायचे. आपल्या वस्तीतले जुने कार्यकर्ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या आठवणी आपण टिपल्या नाहीत तर त्यांची गोष्टही उद्या दुसरा कोणीतरी दोन ओळींत सांगेल.

दुसरे कारण व्यवहाराचे. आमच्याकडे चळवळीच्या जुन्या अंकांच्या आणि पुस्तिकांच्या फायली आहेत. त्या काळच्या एका सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्याच खास मराठी फाँटमध्ये त्या टाइप केलेल्या. आज त्या उघडल्या तर मराठीच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसतात. काही उघडतच नाहीत. कार्यकर्त्यांनी रात्र रात्र जागून केलेले काम एका कंपनीच्या कुलपात अडकले आणि किल्ली कंपनीबरोबर गेली. आता आम्ही छापील प्रती शोधून पुन्हा टाइप करतो आहोत, ज्यांच्या छापील प्रतीही नाहीत त्या गेल्याच.

तेव्हा पुढच्या वेळी अभ्यासिकेत लॅपटॉपवरून वाद झाला तर ब्रँडच्या आधी दोन प्रश्न विचारा. यावर केलेले माझे काम उद्या दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर उघडेल का? मी टाइप केलेली मराठी युनिकोडमध्ये आहे का? ही उत्तरे होय असतील तर विंडोज घ्या, मॅक घ्या, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवा, काही बिघडत नाही. उत्तरे नाही असतील तर कितीही चकचकीत यंत्र असो, ते आपल्याला बांधून ठेवणार.

अंगणातल्या शेडमध्ये बसलेल्या त्या शिक्षकाने हीच गाठ सोडवली होती. यंत्र कोणाचेही असो, माणसाचे काम एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाता आले पाहिजे. आज सी ड्राइव्ह उघडाल तेव्हा त्यांची आठवण ठेवा आणि तुमच्याकडे चळवळीची एखादी जुनी फाइल पडून असेल तर ती आजच उघडून पहा.